३ गिगाहर्ट्झच्या लॅपटॉपवर ३ मेगाहर्ट्झचा ८०८५ का रखडतो?

तुम्ही एका प्रश्नात चार प्रश्न विचारलेत, म्हणून आधी ते सुटे करून घेतो. तुम्ही पायथॉनमध्ये ८०८५ या जुन्या ८ बिटांच्या प्रोसेसरचा एम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहिलात. उत्तरं बरोबर येतात, पण लॅबमधल्या ८०८५ च्या खऱ्या किटवर जो प्रोग्राम चटकन संपतो तोच तुमच्या लॅपटॉपवर साधारण तिप्पट वेळ घेतो. लॅपटॉपचा क्लॉक किटच्या हजारपट, मग असं का? दुसरं, मित्राच्या एम१ (ॲपलची स्वतःची चिप) मॅकवर इंटेलसाठी बनवलेली ॲप्लिकेशनं जवळजवळ मूळ वेगाने चालतात. तेही एम्युलेशनच, मग तिथे कसं जमतं? तिसरं, ‘होस्ट (ज्यावर एम्युलेटर चालतो ते मशीन) गेस्टच्या (ज्याची नक्कल होते त्या मशीनच्या) अमुक पट वेगवान हवा’ असा काही ठोकताळा आहे का? आणि चौथं, लॅपटॉपचे आठ कोर वाया जाताहेत, ते जुंपता येतील का?

मी इन्स्ट्रक्शन सेट सिम्युलेटर लिहिण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. नवी चिप हातात पडण्याआधी तिच्यावरचं सॉफ्टवेअर तपासायला जे वापरतात, ते हे. माझं मत आधीच सांगून टाकतो: क्लॉकच्या आकड्यांचा भागाकार करून काहीही कळत नाही. एम्युलेटरचा वेग ठरतो तो मूळ मशीनशी किती बारकाईने जुळवून घ्यायचं तुम्ही कबूल केलंय यावर. फक्त शेवटचं उत्तर जुळलं की झालं? की प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर सगळी रजिस्टरं आणि फ्लॅग (निकाल कसा आला ते सांगणारे बिट) जुळायला हवेत? की एकूण लागलेला वेळही? की प्रत्येक टी-स्टेटला, म्हणजे क्लॉकच्या एकेका ठोक्याला, बसवर (चिपांना जोडणाऱ्या तारांवर) काय होतं तेसुद्धा? यातली प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा महाग, आणि शेवटची तर फारच.

१९७५ साली पॉल ॲलनने ८०८० चा सिम्युलेटर हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर लिहिला आणि त्यावर अल्टेअर या छोट्या संगणकाचं बेसिक तयार झालं. मशीन समोर नसताना. तिथे सिम्युलेटर किती वेगाने चालतो याला कोणी विचारत नव्हतं, कोड बरोबर चालतो का एवढंच पाहायचं होतं. तुमचा ८०८५ हा त्याच ८०८० चा पुढचा भाऊ, पण तुम्हाला किटसारखा वेगही हवाय. कबुली वेगळी, म्हणून हिशेबही वेगळा.

आता तो हिशेब मांडू. ८०८५ ची इन्स्ट्रक्शन कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त १८ टी-स्टेट घेते. एका रजिस्टरमधून दुसऱ्यात मूव्ह करायला ४, मेमरीतून ॲक्युम्युलेटरमध्ये आणायला ७, एलडीएला १३, कॉलला १८. नेहमीच्या प्रोग्रामची सरासरी ७ धरली तर ३ मेगाहर्ट्झचं किट सेकंदाला साधारण ४ लाख ३० हजार इन्स्ट्रक्शन उरकतं. म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या तुमच्या एका कोरकडे ८०८५ च्या दर इन्स्ट्रक्शनमागे जवळपास ७,००० क्लॉक आहेत. सीमध्ये नीट लिहिलेला इंटरप्रिटर, म्हणजे एकेक इन्स्ट्रक्शन वाचून लगेच तिचं काम करणारा एम्युलेटर, हेच काम बहुधा १० ते ५० क्लॉकमध्ये करतो. तेव्हा किटच्या शंभरपट वेगाची अपेक्षाही मुळीच अवाजवी नव्हती. तुम्ही म्हणता तसा तो किटच्या एक-तृतीयांश वेगाने चालत असेल, तर तुमचा एम्युलेटर दर इन्स्ट्रक्शनला वीस हजारांच्या आसपास क्लॉक खर्चतोय. ते जातात कुठे?

बहुतेक सगळे इन्स्ट्रक्शन ओळखण्यात. तुम्ही दिलेल्या कोडच्या तुकड्यात ‘इफ, एलिफ, एलिफ’ अशी सलग उतरंड आहे. ८०८५ चे वापरातले ऑपकोड (इन्स्ट्रक्शन ओळखणारे बाइट) २४६, आणि तुम्ही ते पुस्तकातल्या क्रमाने तपासताय. चाळीतल्या शेवटच्या खोलीतल्या माणसाला भेटायला पहिल्या खोलीपासून एकेक दार वाजवत जावं, तसं. सीचा कंपायलर असा स्विच दिसला की बहुधा पत्त्यांचा तक्ता करून थेट उडी मारतो. पायथॉन तसं करत नाही, तो इमानाने प्रत्येक तुलना करतो, आणि त्याची एक साधी तुलनासुद्धा होस्टचे कित्येक डझन क्लॉक खाते. त्यावर मेमरी वाचायला एक मेथड कॉल, फ्लॅग लावायला दुसरा, प्रत्येक ठिकाणी ‘सेल्फ’मधून रजिस्टर शोधणं. थोडक्यात, तुमचा इंटरप्रिटर दुसऱ्या इंटरप्रिटरच्या डोक्यावर बसून चाललाय.

एक गमतीची गोष्ट: नेहमीचा पायथॉन उणे ५ ते २५६ पर्यंतचे पूर्णांक एकदाच बनवून ठेवतो. त्यामुळे ८०८५ ची ८ बिटांची मूल्यं त्याला जवळजवळ फुकट पडतात, पण १६ बिटांचा पत्ता दर वेळी नवी वस्तू म्हणून जन्माला येतो. प्रोग्राम काउंटर वाढवणं हे तुमच्या कोडमधलं सगळ्यात वारंवार होणारं काम, आणि नेमकं तेच महाग.

भाषा न बदलता एवढं करा: २५६ जागांची यादी घ्या, प्रत्येक जागी त्या ऑपकोडचं फंक्शन ठेवा, आणि बाइट हाच निर्देशांक वापरून थेट ते बोलवा. मुख्य लूपमध्ये मेमरीचा बाइटॲरे स्थानिक व्हेरिएबलमध्ये धरा. नंतर तोच कोड जसाच्या तसा पायपायवर (पायथॉन वेगाने चालवणारी दुसरी आवृत्ती) चालवून बघा. किटचा वेग गाठायला माझ्या मते एवढं पुरेल. पुढे जायचं असेल तर सी किंवा रस्टकडे वळा.

सीमध्ये गेल्यावर अडथळे बदलतात. मुख्य लूपचं काम तेच: बाइट उचला, तक्त्यातून उडी मारा, क्रिया करा, फ्लॅग लावा, टी-स्टेट मिळवा. इथे पहिली अडचण उडीची. होस्टचा प्रोसेसर पुढच्या उडीचा अंदाज बांधून आधीच पुढचा कोड उचलत असतो. अंदाज चुकला की १५-२० क्लॉक पाण्यात, आणि एवढ्यात तुमची अख्खी ‘ॲड बी’ झाली असती. जुन्या होस्टवर हा खर्च फार बोचायचा, म्हणून लोक प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या शेवटी वेगळी उडी लिहीत, म्हणजे प्रत्येक उडीचा इतिहास स्वतंत्र राहील. अलीकडचे प्रोसेसर मागच्या कित्येक उड्यांची साखळी लक्षात ठेवून बरोबर अंदाज बांधतात, त्यामुळे आज त्या क्लृप्तीचा फायदा पूर्वीइतका दिसत नाही. मोजून बघितल्याशिवाय कोड कुरूप करू नका.

दुसरी अडचण फ्लॅगची, आणि नवखे इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतात. ८०८५ ची एक बेरीज साइन, झीरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी आणि कॅरी असे पाचही फ्लॅग बदलते. मूळ चिपमध्ये ते बेरजेबरोबर आपोआप होतं, त्याला वेगळा वेळ लागत नाही. तुम्हाला मात्र पाच फ्लॅग पाच ओळींत काढावे लागतात, त्यातही पॅरिटीसाठी आठ बिट मोजायचे. बेरीज होस्टच्या एका इन्स्ट्रक्शनमध्ये होते आणि फ्लॅग पंधरा-वीस खातात. गंमत म्हणजे यातले बहुतेक फ्लॅग कोणी वाचतच नाही, पुढची बेरीज ते पुसून टाकते. पॅरिटी बघणारे कोड विरळ, आणि ऑक्झिलरी कॅरीकडे डीएए (दशमान बेरीज दुरुस्त करणारी इन्स्ट्रक्शन) सोडली तर एकही इन्स्ट्रक्शन ढुंकून बघत नाही. पुश पीएसडब्ल्यू करून कोणी तो बाइट स्टॅकवर ठेवला तरच तो बाहेर दिसतो.

याला दोन उपाय. सोपा उपाय म्हणजे २५६ नोंदींचा तक्ता: निकालाचा बाइट द्या, साइन, झीरो आणि पॅरिटी तयार मिळतात. ८ बिटांच्या प्रोसेसरला हा पुरतो, तुम्ही हाच करा. दुसरा उपाय आळशीपणाचा, म्हणजे फ्लॅग काढायचेच नाहीत. शेवटची क्रिया कोणती होती, तिचे आकडे काय आणि निकाल काय, एवढं लिहून ठेवायचं, आणि कोणी फ्लॅग मागितला तरच तो काढायचा. क्यूईएमयू हे एम्युलेटर सॉफ्टवेअर एक्स८६ साठी, म्हणजे इंटेलच्या पीसी प्रोसेसरांच्या कुळासाठी, हेच करतं. एक्स८६ ला ते लागतंच, कारण त्याच्या फ्लॅग रजिस्टरचा खालचा बाइट अजूनही बिटाबिटाने ८०८५ सारखाच आहे: ७ व्या जागी साइन, ६ व्या जागी झीरो, ४ थ्या जागी ऑक्झिलरी, २ ऱ्या जागी पॅरिटी, ० व्या जागी कॅरी. बारावीच्या पुस्तकात पाठ केलेला तो बाइट आजच्या सर्व्हरमध्येही आहे. पॅरिटी आणि ऑक्झिलरी कॅरी या दोन नकोशा फ्लॅगांकडे मॅकच्या निमित्ताने पुन्हा यावं लागणार आहे.

तिसरी अडचण मेमरी. किटमध्ये काही पत्त्यांवर मॉनिटरचा रॉम, काही पत्त्यांवर रॅम, आणि काही पत्ते मोकळे. प्रत्येक वाचनाला ‘हा पत्ता कुणाचा’ असं विचारत बसलात तर वेळ जाणारच. ६४ केबीचे २५६ बाइटांचे २५६ तुकडे करा, प्रत्येक तुकड्यासाठी वाचायचा आणि लिहायचा पॉइंटर ठेवा. रॉमच्या लिहिण्याचा पॉइंटर एका टाकाऊ जागेकडे वळवा. एकही ‘इफ’ उरत नाही. ८०८५ चे इन-आउट पोर्ट वेगळे असल्याने ८२५५ (इन-आउटची चिप) किंवा ८२७९ (कीबोर्ड-डिस्प्लेची चिप) पोर्टवर जोडलेले असतील तर मेमरीच्या वाटेत ते येतच नाहीत, हे तुमचं नशीब. ज्या मशीनला व्हर्च्युअल मेमरी असते तिथे दर वाचनाला पत्त्याचं रूपांतरही सॉफ्टवेअरने करावं लागतं. पूर्ण सिस्टिमचं एम्युलेशन एकट्या प्रोग्रामच्या एम्युलेशनपेक्षा मंद असण्याचं मोठं कारण हे.

उरला प्रश्न इंटरप्टचा. तुम्ही प्रत्येक टी-स्टेटला एक फंक्शन बोलावून टायमर, कीबोर्ड, डिस्प्ले सगळ्यांना एकेक पाऊल पुढे सरकवताय. इतक्या बारकाव्याची तुम्हाला गरज नाही. ८०८५ इंटरप्टची दखल इन्स्ट्रक्शन संपतानाच घेतो, मधेच नाही. म्हणून इन्स्ट्रक्शनची पातळी पुरते. त्याहून चांगलं म्हणजे पुढची घटना किती टी-स्टेटनंतर आहे हे आधी काढायचं आणि तोपर्यंत प्रोसेसर बिनदिक्कत पळवायचा. टायमरचा इंटरप्ट १२,००० टी-स्टेटनंतर असेल तर मधल्या दीड-दोन हजार इन्स्ट्रक्शनना कोणीही अडवायचं कारण नाही. माझ्या अनुभवात एखादा मंद सिम्युलेटर हाती आला की सुधारणेची सगळ्यात मोठी जागा बहुधा इथेच सापडते, इन्स्ट्रक्शनच्या कोडमध्ये नाही.

मात्र टी-स्टेटची बेरीज बिनचूक ठेवा. अनेक प्रोग्राम सीरियल पोर्टचं काम एसआयडी आणि एसओडी पायांवर डिले लूप मोजून करतात. १२०० बॉडला एक बिट सुमारे ८३३ मायक्रोसेकंद, म्हणजे ३ मेगाहर्ट्झला २,५०० टी-स्टेट. जेएनझेडला उडी घेतली तर १० आणि नाही घेतली तर ७, हा फरक विसरलात तर बिट हळूहळू सरकत जातात आणि मग दोष सीरियलच्या कोडमध्ये शोधत बसाल.

इथवरचं सगळं केलंत तर सीमधला ८०८५ किटच्या शेकडोपट वेगाने पळेल. म्हणून तुमच्या कामासाठी याच्या पुढचं काही लागत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढेच आहे.

८०८५ आणि लॅपटॉप यांच्यात चार-साडेचार दशकांची दरी आहे, म्हणून दर इन्स्ट्रक्शनला ३० क्लॉक घालवणं परवडतं. गेस्ट आणि होस्ट एकाच काळातले असतील तर तोच इंटरप्रिटर ३० पट मंद दिसेल. ॲपलला हे १९९४ साली भोगावं लागलं. मोटोरोला ६८००० कुळातून पॉवरपीसीकडे जाताना पहिल्या पॉवर मॅकिंटॉशमध्ये जुन्या इन्स्ट्रक्शन एकेक करून इंटरप्रिट करणारा एम्युलेटर होता. त्यात खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचाही बराच भाग जुन्याच कोडचा, म्हणजे नवं ॲप्लिकेशन चालवलं तरी अधूनमधून एम्युलेटरची पायरी चढायचीच. पुढच्या वर्षीच्या मशीनमध्ये त्यांनी भाषांतर करणारा एम्युलेटर आणला आणि जुनं सॉफ्टवेअर स्पष्ट जाणवण्याइतकं सुधारलं.

भाषांतर म्हणजे काय? लूप हजार वेळा फिरत असेल तर इंटरप्रिटर त्याच दहा इन्स्ट्रक्शन हजार वेळा उचलतो, हजार वेळा ओळखतो. त्याऐवजी उडीपर्यंतचा सलग तुकडा एकदाच वाचायचा, त्याचा होस्टच्या भाषेत मशीन कोड बनवायचा, साठवून ठेवायचा आणि पुढच्या वेळी थेट तोच चालवायचा. ओळखण्याचा खर्च एकदाच. शिवाय तुकडा एकत्र समोर असल्यामुळे कोणता फ्लॅग पुढे वाचलाच जात नाही ते आधीच दिसतं आणि तो काढायचा कोड लिहिलाच जात नाही. एका तुकड्याच्या शेवटची उडी दुसऱ्या तुकड्याला थेट जोडून टाकली की मुख्य लूपकडे परत यायचंही कारण उरत नाही. डोकेदुखी एकच, पण मोठी: प्रोग्रामने स्वतःचाच कोड बदलला तर साठवलेलं भाषांतर खोटं ठरतं, आणि ते ओळखण्यासाठी कोड असलेल्या पानांवरच्या लिखाणावर पहारा ठेवावा लागतो.

फाब्रिस बेलारचं क्यूईएमयू २००३ पासून हेच करतंय. त्याने २००५ साली दिलेले आकडे अजूनही अंदाजासाठी उपयोगी पडतात: एकट्या प्रोग्रामचं एम्युलेशन करताना पूर्णांकांच्या कामात मूळ वेगाच्या सुमारे ४ पट मंद, फ्लोटिंग पॉइंटमध्ये सुमारे १० पट, आणि पूर्ण सिस्टिममध्ये मेमरीच्या रूपांतरामुळे आणखी साधारण दुप्पट. इंटरप्रिट करणाऱ्या ‘बॉक्स’ (Bochs) या एम्युलेटरपेक्षा ते तिथे सुमारे ३० पट वेगवान निघालं होतं. याच्या आधी, १९९६ साली, डेक या संगणक कंपनीने आपल्या अल्फा प्रोसेसरवर इंटेलचे विंडोज प्रोग्राम चालवायला एफएक्स!३२ काढलं होतं. पहिल्यांदा चालताना ते इंटरप्रिट करायचं आणि कोणता कोड किती वेळा चालला याची टिपणं ठेवायचं. मग मागच्या मागे नीट ऑप्टिमाइझ केलेलं भाषांतर डिस्कवर लिहायचं. पुढच्या खेपेला प्रोग्राम थेट भाषांतरातून सुरू.

आता मॅक. २०२० साली एम१ बरोबर आलेलं ॲपलचं भाषांतर सॉफ्टवेअर रोझेटा २ बहुतांश भाषांतर प्रोग्राम बसवताना किंवा पहिल्यांदा उघडतानाच उरकून टाकतं. चालू असताना नव्याने तयार होणाऱ्या कोडपुरतंच तेव्हाचं तेव्हा. पण त्याचा वेग फक्त यातून येत नाही. ते कबूलच थोडं करतं, हे मुख्य. ते इंटेलचं मशीन उभं करत नाही, फक्त इंटेलचा प्रोग्राम चालवतं. कर्नल एआरएमचा (एम१ याच कुळातला), ग्राफिक्सचं काम खऱ्या ग्राफिक्स चिपवर, टायमर, डिस्क, व्हर्च्युअल मेमरी सगळं होस्टचं. इंटेलची १६ रजिस्टरं एआरएमच्या ३१ मध्ये कायमची बसतात, मेमरीत ने-आण नाही. उलट दिशेने जा, एआरएमचा प्रोग्राम इंटेलवर चालवा, म्हणजे ही सोय किती मोलाची ते कळेल.

आणि दोन ठिकाणी ॲपलने चिपमध्येच हात दिलाय. अनेक कोर एकाच मेमरीवर काम करतात तेव्हा एका कोरने लिहिलेलं दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसेल, याबाबत इंटेल कडक आहे आणि एआरएम सैल. इंटेलचा प्रोग्राम त्या कडकपणावर विसंबून असतो. सॉफ्टवेअरने तो पाळायचा तर बहुतेक प्रत्येक वाचण्या-लिहिण्याभोवती क्रम बांधणाऱ्या इन्स्ट्रक्शन घालाव्या लागतात आणि वेग कोसळतो. एम१ मध्ये इंटेलसारखा क्रम पाळणारा मोडच आहे, रोझेटा तो चालू करतं. दुसरी मदत आपल्या त्या दोन फ्लॅगांची. एआरएमला पॅरिटी आणि ऑक्झिलरी कॅरी मुळात नाहीत, ते काढून देण्याची सोयही चिपमध्ये ठेवलेली आहे. जिथे अशी मदत नाही तिथे रोझेटाही हळू पडतं. जुन्या एक्स८७ चे ८० बिटांचे फ्लोटिंग पॉइंट आकडे एआरएमच्या हार्डवेअरमध्ये नाहीत, ते सॉफ्टवेअरनेच करावे लागतात.

हार्डवेअरने एम्युलेशनला टेकू द्यायची ही युक्ती काही नवी नाही. १९६४ च्या आयबीएम सिस्टम/३६० च्या काही मॉडेलांत जुन्या १४०१ चे प्रोग्राम चालवायची सोय मायक्रोकोडमध्ये होती, आणि ते मूळ मशीनपेक्षा वेगाने चालत.

इथे एक गोंधळ टाळा. अँड्रॉइडचा एम्युलेटर एक्स८६ इमेज घेतल्यावर भन्नाट पळतो म्हणून त्याचं उदाहरण दिलं जातं. तिथे गेस्ट आणि होस्ट एकाच कुळातले, कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतो, लिनक्सवर कर्नलच्या केव्हीएम या सोयीतून. ते व्हर्च्युअलायझेशन. त्याच लॅपटॉपवर एआरएमची इमेज उघडा म्हणजे खरं एम्युलेशन कसं दिसतं ते कळेल.

दुसऱ्या टोकाला सुपर निन्टेंडो हे व्हिडिओ गेमचं मशीन. प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ, तुमच्या किटच्याच जवळपास. नव्वदच्या दशकात त्याचे एम्युलेटर काही शे मेगाहर्ट्झच्या पीसीवर खेळण्याइतपत चालायचे. मग बीएसएनईएस हा एम्युलेटर आला, आणि २०११ च्या सुमारास त्याच्या सगळ्यात काटेकोर रूपाला ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागायचा. गेस्ट तोच, खेळ तेच. फरक कबुलीत. त्या मशीनमध्ये मुख्य प्रोसेसर, स्वतःच्या वेगळ्या क्लॉकवर चालणारा ध्वनीचा प्रोसेसर आणि चित्राच्या चिपा एकमेकींना कधीही अडवू शकतात, आणि काही खेळ नेमक्या त्या क्षणांवर अवलंबून होते. म्हणून एकाला इन्स्ट्रक्शनच्या मध्यावर थांबवून दुसऱ्याला पुढे न्यायचं, सेकंदाला लाखो वेळा. इथे भाषांतराचा फायदा होत नाही, कारण लांब सलग तुकडा कधी मिळतच नाही. तुम्ही नकळत यातलंच कबूल करून बसला होता, प्रत्येक टी-स्टेटला सगळ्यांना सरकवून.

आठ कोरांचं उत्तरही यातच आहे. एका ८०८५ ची पुढची इन्स्ट्रक्शन मागचीवर अवलंबून असते, ती वाटून देता येत नाही. प्रोसेसर एका थ्रेडवर आणि ८२७९ दुसऱ्यावर ठेवलात, तर दोन कोरांमधली एक निरोपाची देवाणघेवाण शंभर नॅनोसेकंदांच्या घरात जाते. ३ मेगाहर्ट्झला एक टी-स्टेट ३३३ नॅनोसेकंदांचा. दर टी-स्टेटला निरोप द्यायचा तर एक-तृतीयांश वेळ निरोपातच गेला. गेस्टलाच अनेक कोर असतील तर गोष्ट निराळी, तिथे क्यूईएमयू प्रत्येक गेस्ट-कोरला होस्टवर स्वतंत्र थ्रेड देऊ शकतं. तुमच्याकडे दुसरा थ्रेड फक्त खिडकी रंगवण्यासाठी ठेवा.

ठोकताळा हवाच असेल तर माझा असा, आणि तो पूर्णपणे परिस्थितीवर अवलंबून आहे असं समजूनच वापरा. नीट लिहिलेला इंटरप्रिटर गेस्टच्या दर इन्स्ट्रक्शनला होस्टच्या १० ते ५० घेतो. भाषांतर करणारा २ ते १०. फक्त प्रोग्रामपुरतं भाषांतर आणि चिपची मदत असेल तर मूळ वेगाच्या जवळ. अनेक चिपा क्लॉक-क्लॉकला जुळवायच्या असतील तर शेकडो, कधी हजारो. ‘माझा गेस्ट किती मेगाहर्ट्झचा’ हे यातल्या कोणत्याही ओळीत येत नाही.

शेवटचं, कारण सीमध्ये गेल्यावर लगेच हीच तक्रार घेऊन याल: एम्युलेटर आता फार वेगाने पळेल. लॅबमधला तो नेहमीचा डिले, सी रजिस्टरमध्ये एफएफ भरून डीसीआर आणि जेएनझेड, ३,५७४ टी-स्टेटचा आहे, किटवर १.१९ मिलिसेकंदांचा. तुमच्याकडे तो काही मायक्रोसेकंदांत संपेल आणि सेव्हन-सेगमेंटवरचे आकडे वाचता येणार नाहीत. वेग आवरताना दर इन्स्ट्रक्शनला झोपू नका. विंडोजवर एक झोप सहज १५ मिलिसेकंदांची होते. एका दमात ६०,००० टी-स्टेट चालवा, म्हणजे किटचे २० मिलिसेकंद, आणि मग घड्याळ बघून उरलेला वेळ थांबा. थांबण्याची वेळ मागच्या थांब्यापासून नाही, सुरुवातीच्या क्षणापासून मोजा, नाहीतर प्रत्येक झोपेतली छोटी चूक साचत जाते आणि तासाभरात किटचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ वेगळं दिसायला लागतं.